नाडी पाहणारा राक्षस

बाबा, तुमचा नियम छापून आला. चांगल्या जाड, गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसकट, आणि तोही परदेशात. तुमची नात काल ते पुस्तक घेऊन आली. ती आणि तिच्या मैत्रिणी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. प्रत्येकीनं एकेक पात्र घ्यायचं, एकीनं गोष्ट सांगायची आणि फासे टाकत ती पुढं न्यायची. त्याच खेळाच्या नियमांचं हे नवं पुस्तक. भाजी चिरता चिरता मी सहज चाळलं आणि सुळेवाल्या राक्षसांच्या जमातीच्या पानावर थबकले. त्यांना अंधारात दिसतं, ओझं जास्त उचलता येतं, एवढंच लिहिलं आहे. बुद्धी कमी की जास्त ते जमातीवरून ठरत नाही, कुठं वाढला आणि काय शिकला त्यावरून ठरतं. मी विळीवरूनच ओरडले, "अगं, हे तर माझ्या बाबांनी वडशाच्या घरी कधीच सांगितलं होतं." पोरगी धावत आली. तिला वाटलं माझं बोट कापलं.

तुम्हाला आठवत असेलच, दादा नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दिवाळीला आला होता आणि त्यानं होस्टेलवरच्या कुणाकडून तरी या खेळाच्या जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या होत्या. वीस बाजूंचा फासा वडशात कुठून मिळणार? म्हणून आम्ही आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डालड्याच्या डब्यात टाकल्या. मी अकरावीत होते आणि वेडी झाले होते त्या खेळानं. लांब कानांचे लोक, ठेंगणे खाणकामगार, सुळेवाले राक्षस, आणि प्रत्येकाच्या अंगी काय काय असतं त्याचे नियमच नियम. दिवसभर स्वयंपाकघरात आमचा तोच कल्ला चाले, आणि आई तांदूळ निवडता निवडता म्हणे, "तुमच्या राज्यात कोनी पानी भरते का नाई?"

तुम्ही राइस मिलमधून केसांत कोंडा घेऊन आलात. त्या दिवशी तुमचं काय बिनसलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दिवसा मिलमध्ये पोती उचलायची आणि हिवाळा लागला की गावोगावच्या मांडवांत झाडीपट्टीच्या नाटकात राक्षस व्हायचं, हे तुमचं वर्षानुवर्षांचं. नाटक दरवर्षी बदलायचं, राक्षस मात्र तुम्हीच. उंची तशी, रंग तसा आणि आवाज तर गावाच्या वेशीपर्यंत जाणारा. त्या वर्षीच्या नाटकात राजवैद्याची भूमिका होती आणि ती तुम्हाला मनापासून हवी होती. सगळे संवाद तुम्ही मिलमध्येच पाठ केले होते. पण नाटक कंपनीचे मॅनेजर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "तुले पाहूनच पेशंट मरन."

तुम्ही मोरीत हात धूत होता. दादा मला मोठ्यानं वाचून दाखवत होता, सुळेवाले म्हणजे ताकद दोननं जास्त, बुद्धी दोननं कमी, त्यांना वैद्य होता येत नाही.

"काऊन?" तुम्ही तिथूनच विचारलं.

"काऊन म्हंजे? जन्मानंच तसे हायेत, बाबा. पुस्तकात हाये."

तुम्ही ओल्या हातांनीच येऊन खाली बसलात. आता ओरडणार, असं मला वाटलं. आपल्या घरात 'जन्मानंच' हा शब्द कसा ऐकला जातो, ते दादाला काही वेगळं सांगायला नको होतं. आजोबांनी छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती ती काही उगीच नाही. पण तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "मले बी घ्या खेळात. मी सुळेवाला. आन मी वैद्य हावो."

दादाही काही कमी नव्हता. तो म्हणाला, "मंग सारेच सारखे होतीन, बाबा. खेळाची मजा काय राह्यली?" या प्रश्नावर तुम्ही खरंच विचार केलात. मला तुमचा तो चेहरा अजून दिसतो, कपाळाला आठी आणि डोळ्यांत चमक. "दात दे, ताकद दे, अंधारात दिसू दे. ते अंगाचं हाये, ते जन्माचं. पन वैद्यकी त्यानं शिकली का नाई, हे त्याचं त्याले पूस."

"बरं, मंग कुठी शिकला तो?"

आणि तुम्ही सुरू झालात. वैनगंगेच्या काठी एक म्हातारी राहते, तिनं या सुळेवाल्याला लहानपणी पुरातून ओढून काढलं, मग त्यानं तिची लाकडं फोडली, हिरडा-बेहडा कुटला, आणि तिच्या हाताखाली नाडी शिकला. म्हातारीचा आवाज तुम्ही काढलात, सुळेवाल्याचाही. आईचं निवडणं थांबलं. दादानं पेन काढलं आणि पुस्तकातली ती ओळ खोडून समोर लिहिलं, 'कुठी शिकला ते विचारावं.' त्यालाही ते मनापासून आवडलं होतं, इतकं की पुढं त्याच्या होस्टेलवरही हाच नियम चालला. मग तुम्ही मरणाला टेकलेल्या लांबकानांच्या राजाचा हात धरलात, म्हणजे माझा, डोळे मिटलेत आणि डब्यातून चिठ्ठी काढलीत. विसातले अठरा. राजा वाचला. आई म्हणाली, "झालं? आता जेवता का डॉक्टरसाहेब?"

नाटक चामोर्शीकडच्या एका गावात लागलं तेव्हा मी आईबरोबर पुढंच बसले होते. राक्षस तुम्हीच. तोंडाला काळा रंग, पुठ्ठ्याचे सुळे. राजकन्या तुम्हाला पाहून बेशुद्ध पडते आणि तुम्ही तिला खांद्यावर टाकून निघून जाता, असा प्रवेश. ती पडली. आणि तुम्ही तिला उचललं नाहीत. गुडघे टेकून बसलात, तिचं मनगट हातात घेतलंत आणि डोळे मिटलेत. आपल्याकडं तालमी कमी आणि भिस्त सगळी प्रॉम्प्टरवर, तेव्हा तो बिचारा खालून कुजबुजला, "उचल तिले." तुम्ही हललाच नाहीत. तो जरा मोठ्यानं म्हणाला, "उचल ना बे, उचल." पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. त्यावर तुम्ही डोळे न उघडता, त्या वेशीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणालात, "थांब ना, नाडी पाहून राह्यलो."

सगळा मांडव हसला. मग तुम्ही तिच्या तोंडावर पाणी शिंपडलंत, खांद्यावरचं कांबळं तिच्या अंगावर घातलंत, आणि हसू आपोआप थांबलं. माझ्या मागची एक बाई हळूच म्हणाली, "चांगला हाये वो हा." विंगेत मॅनेजर हात नाचवत होते. पण पुढच्या गावाचे लोक नाटक ठरवायला आले ते "नाडीवाला राक्षस असन तरच" म्हणून, आणि मॅनेजरांचा राग कुठल्या कुठं गेला. राजवैद्य तुम्हाला शेवटपर्यंत मिळाला नाही. मात्र त्यानंतरच्या तुमच्या प्रत्येक राक्षसानं उचलण्याआधी नाडी पाहिली.

काल रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांले सांग, रॉयल्टी मागा म्हनून." म्हणून हे लिहायला बसले, आणि तुम्ही नसताना आता ते कुठं पाठवू? सुळेवाल्यांच्या पानात घालून ठेवते. रविवारी नातीच्या टेबलावर मला जागा मिळाली आहे. पात्र ठरलेलंच आहे, आणि ते कुठं शिकलं हे कुणी विचारलं की म्हातारीपासून सगळं सांगणार आहे.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. चामोर्शीकडच्या त्या मांडवात तुम्ही डोळे मिटलेत, तेव्हा खाली बसून मी माझंच मनगट धरलं होतं. राजकन्येचं ठाऊक नाही, बाबा, माझी नाडी फार जोरात चालली होती.