कृतिपत्रातली ओळ

कंपनी वसाहत, रोहा
१२ फेब्रुवारी २०२४

ती. तुळसाआत्यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुला रडू येतं, म्हणून पत्र. प्रफुल्लला बघायला दवाखान्यात आले होते. तो झोपला होता, तशीच परतले.

त्या दिवशी काय झालं, हे तू विचारलंस. आमच्या कंपनीत अत्तरासाठीचा एक द्रव बनतो, कापलेल्या गवताच्या वासाचा. त्यात जोडला जाणारा हायड्रोजन अर्ध्यावर थांबवावा लागतो. तिहेरी बंधाचा दुहेरी झाला की पुरे, पुढे गेला की माल वाया. त्यासाठी हायड्रोजन जोडून देणारी पॅलेडियम धातूची भुकटी शिसं घालून मंद करतात. शिसं विषारी, म्हणून दोन वर्षं खपून मी बिनशिशाची भुकटी केली. माल गाळल्यावर तीच गाळणीत पेटली आणि गाळणीवर कामाला असलेल्या प्रफुल्लचे हात भाजले. चौकशीत म्हणतात, प्रफुल्लने ती कोरडी पडू दिली. मी काय बोलणार?

तुझ्या मायेतली,
रश्मी

मुरुड, १९ फेब्रुवारी

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद.

प्रफुल्ल घरी आलाय. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. काल विचारलं, बाबा, खरंच तुझं चुकलं का? म्हणाला, कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या जुन्या कृतिपत्रात भुकटी पाण्याने ओली ठेवा असं होतं. रश्मीच्या नव्यात पूर्ण निथळू द्या, एवढंच. चौकशीत का बोलला नाहीस विचारलं, तर म्हणे, घरातली एकच पोर एवढी शिकली, तिचं नाव मी घेणार न्हाय.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय त्याने. ती मोडतेय. अंगणवाडीत बायका माझ्या मुलाला निष्काळजी म्हणतात, ते सोसत नाही. तो म्हणतो ते खरं का, तेवढं लिही.

तुझी,
आत्या

रोहा, २७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
जय भीम, वि. वि.

खरं आहे. भुकटी पुन्हा वापरायची, तर तिच्यात पाणी नको होतं, म्हणून ती ओळ मीच काढली. कोरडी भुकटी हवेत पेटते, हे मला माहीत होतं. ती पेटू नये म्हणून दुसरी सोय लिहायची राहिली. दवाखान्यात तो जागाच होता, आत्या. मी दारातून परतले.

काल चौकशीत सगळं लेखी दिलं. प्रफुल्लवरचा ठपका काढला, मला घरी बसवलंय. मी येऊ का? राग धर, पण तोडू नकोस.

रश्मी

मुरुड, ४ मार्च

चि. रश्मीस,

राग आहे, म्हणून आशीर्वाद शेवटी लिहीन. तुझं पत्र प्रफुल्लला वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, येऊ दे तिला, पण माफी मागू नको म्हणावं. असू दे म्हणायला मला आत्ताच जमणार न्हाय.

रविवारी ये. त्याला अजून हाताने जेवता येत नाही. दुपारचं तू भरव.

आशीर्वाद.
आत्या