गवताला मानवतं ते दुधीला नाही

९ ऑगस्ट
नाना आले. सुनीलने दारातूनच सोडलं. माझा सख्खा भाऊ, पण चहालाही थांबला नाही. काल नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, धूळ नको, वाकणं नको, म्हणून पिंपळगावऐवजी माझ्याकडे. पिशवीत दोन पायजमे, कागदाच्या पुडीत दुधीचं बी आणि टॉवेलात गुंडाळलेली छाटणीची कात्री.
"कात्री कशाला, नाना?"
"मी जिथं, तिथं ती."
काळ्या चष्म्यातून गॅलरीची पाहणी झाली. माझ्या शोभेच्या गवतापाशी थांबले. जांभळी पाती, वाऱ्यावर काय सुंदर झुकतात! शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना दाखवायचं म्हणून नर्सरीतून आणलंय.
"हे इकत आणलं? गवत?"
मग हसायला लागले ते थांबेनातच. जन्मभर द्राक्षबागेतलं गवत काढायला माणसं लावली, आणि लेक तेच विकत घेऊन घरात ठेवते! राग आला मला. पण आई गेल्यापासून एवढे हसलेले पाहिले नव्हते.

१२ ऑगस्ट
जुन्या निळ्या ड्रममध्ये दुधी लावली. नाना स्टुलावर बसून हुकूम सोडणार, माती कालवणार मी. शेणखत भरपूर. गवताच्याही कुंडीत मूठभर टाकलं. पक्षपात नको.

२७ ऑगस्ट
वेल कठड्याच्या वर. नानांनी तारा ओढून मांडव घातला, बागेत घालतात तसाच, फक्त कपडे वाळत घालायच्या दोरीच्या जागेवर. हे मनमाडहून ड्यूटी करून दमून आले, तर ह्यांचे शर्ट सोफ्यावर. "सासरेबुवांनी माझी जागा घेतली," एवढंच म्हणाले.
दुधीची तहान बघण्यासारखी आहे. सकाळी पाणी घाला, दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा घाला की तासाभरात ताठ. गवताला तेवढंच पाणी, तेच ऊन, तोच हात. तरी ते बुडाशी पिवळं पडतंय. का?

३ सप्टेंबर
सुनीलचा फोन शाळेत असताना.
"ताई, नानांना तिकडंच ठेव. यंदा छाटणीला मजुरांची टोळी सांगितली हे. ते आले की दर झाडापाशी थांबत्यात, माणसं खोळंबू राहत्यात."
नाना तर रोज म्हणतात, छाटणीच्या आत घरी सोड.
मला ते इथे हवेत. अगदी कायमचे हवेत. पण तिकडे नको झालेत म्हणून इथे, असं नको. हे त्यांना सांगू कसं? सांगितलं नाही. दूध नेऊन दिलं.
"आत्ताच तर चहा झाला," म्हणाले.

१३ सप्टेंबर
दुधीला फुलं! पांढरी, संध्याकाळी उमलतात. वाटलं, आता दुधीच दुधी. नानांनी एकेक फूल उलटून पाहिलं.
"सगळे बाप्येच हायेत."
मादी फुलामागे इवलीशी दुधी असते, एकाही फुलामागे नाही. पानं मात्र हत्तीच्या कानाएवढी. खत जास्त झालं का?
गवताला तुरे आले, लवदार. चित्र सुरू केलं. पिवळी पाती चित्रातून गाळली. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, खत बंद करा, पाणी तोडा. त्याला लाड नाही चालत." पटलं नाही. जिवंत वस्तूला काही न देणं, ही काय काळजी घ्यायची रीत झाली?

२० सप्टें.
काळा चष्मा सुटला. नाना सकाळपासून भिंतीवरच्या पाली दाखवताहेत.

२३ सप्टें.
शाळेतून आले तर गॅलरीत जमिनीवर ढीग. दुधीचे सगळे शेंडे कापलेले. आणि गवत! तुरे, पाती, सगळं मुठीएवढ्या उंचीवर साफ.
"गोडी छाटणी करून टाकली," नाना म्हणाले. फळ धरण्यासाठी ऑक्टोबरात द्राक्षाची करतात ती. खुशीत होते. "जरा लवकर झाली, पण झाड तयार होतं."
माझं चित्र अर्धं राहिलेलं. "ही काय द्राक्षबाग आहे?" मी ओरडले. "दिसेल ते कापत सुटायचं?"
नानांनी कात्री पुसली, खिळ्याला अडकवली. जेवताना पोळी अर्धीच खाल्ली.
मी गवताकडे बघणार नाही आता. पाणीसुद्धा घालणार नाही.

२९ सप्टें.
आजचं लिहून ठेवते.
तिसरा तास. नानांचा फोन, मोठ्याने, "शैले! डोळा फुटला!" आणि फोन बंद.
वर्ग तसाच टाकून पळाले. रिक्षातून डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला, ह्यांना मनमाडला फोन केला. हे म्हणाले, मिळेल त्या गाडीने निघतो. जिना कशी चढले आठवत नाही. दार उघडंच. नाना गॅलरीत स्टुलावर, दोन्ही डोळे जागच्या जागी, बोट वेलीकडे.
कापलेल्या शेंड्याखाली, पानाच्या बगलेत, हिरवा टपोरा कोंब.
"कुणाचा डोळा, नाना?"
"दुधीचा! तुला काय वाटलं?"
मी खाली बसले आणि रडू लागले. मग त्यांच्यावर चिडले, फोन का बंद केला म्हणून. चार्जिंग संपलं होतं. ते गोंधळून बघत राहिले, मग त्यांना उमगलं. म्हणाले,
"अगं, तू पिंपळगावची ना?"
ते लागलं. छाटणीनंतर काडीवर कोंब दिसला की अख्ख्या घरात हीच हाक असायची, डोळे फुटले, डोळे फुटले! आई त्या दिवशी शिरा करायची. आणि मला आज त्या शब्दात फक्त दवाखाना ऐकू आला. किती लांब आले मी?
ह्यांना फोन करून थांबवलं. स्टेशनवरच होते. विचारलं, "डोळा कसा आहे?" म्हटलं, हिरवा आहे.
संध्याकाळी शिरा केला. नानांनी दोनदा मागून घेतला.

४ ऑक्टोबर
दोन गोष्टी.
एक, दुधीच्या नव्या फुटीवर मादी फूल. मागे बोटभर लांब, केसाळ, हिरवं बाळ. म्हणजे तेच कापणं दुधीला मानवलं.
दोन, रुसून पाणी तोडलेलं गवत! आज सहज पाहिलं तर बुडातून नवी पाती, स्वच्छ जांभळी, पिवळं नाव नाही. कापण्याने, की कोरडं राहिल्याने? कळायला मार्ग नाही, दोन्ही एकदमच झालं. पण मी मायेने जे दिलं त्याने ते कुजत होतं आणि रागाने जे केलं त्याने तरारलं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.
दिवेलागणीला फूल उमललं. या वरच्या मजल्यावर कीटक येईल याचा काय भरवसा. नानांनी नर फूल खुडून दिलं, मी परागकण लावले. माझ्या रंगाच्या ब्रशने.
"तुझं गवत लय मानी हे," नाना म्हणाले. "कुणी वरचेवर दिलेलं चालत नाय त्याला."
तेवढ्यात मी चहा विचारणार होते. गिळला प्रश्न.
थोड्या वेळाने तेच म्हणाले, "सुन्यानं टोळी सांगितली ना?"
"तुम्हाला कोणी सांगितलं?"
"कुणी कशाला सांगाया पाहिजे. छाटणी तोंडावर आली अन् एक फोन नाय त्याचा."
मग मी बोलले एकदाचं. म्हटलं, नाना, मला तुम्ही इथे हवे आहात. टोळी असली तरी आणि नसली तरी.
वेलीची तार ओढून बघत होते. म्हणाले, "एकदा बाग बघून येतो."
हो की नाही?

१० ऑक्टो.
सकाळी सुनील आला. या वेळी चहा घेतला. नाना पिशवी घेऊन गाडीत बसले. कधी येणार ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. निघायच्या आधी नानांनी दुधी दोडक्याएवढी झाल्याचं सुनीलला दोनदा दाखवलं. गाडीची काच खाली करून मला सांगितलं, "दुधीला दोन टाइम. गवताला हात लावू नको."
घर मोठं वाटतंय. हे म्हणाले, शर्टांची दोरी बांधू का परत? म्हटलं, राहू दे.
संध्याकाळी दुधीला पाणी घालायला गेले. कात्री खिळ्यालाच होती.
छाटणी बघायला गेलेला माणूस, आणि कात्री इथे. विसरले? ऑपरेशनला जातानाही कात्री न विसरणारे नाना. विचारावं म्हणून फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि ठेवून दिला.
कात्रीच्या पात्यांवरून तेलाचं बोट फिरवलं, गंज नको, आणि होती त्याच खिळ्याला अडकवली.