आधीच जरा चेपलेली जाळी

डोंबिवली, मंगळवार

प्रिय ऋजू,

‘अत्र कुशलम्’ लिहून पत्राला सुरुवात करायची माझी खोड तुला ठाऊक आहे. आज ते गाळलंय. संस्कृतचा मास्तर मंगलाचरण विसरला, म्हणजे दादाचं वय झालं असं समज आणि पुढे वाच.

दिवाळीत तू बंगळुरूच्या तुझ्या प्रयोगशाळेतून ॲल्युमिनियमच्या जाळीचे दोन तुकडे आणले होतेस, आठवतं? मधमाशांच्या पोळ्यासारखे, काडेपेटीएवढे. हेलिकॉप्टरच्या सीटखाली बसवतात म्हणालीस. आदळलं तर जाळीनं चुरगळायचं, माणसाच्या मणक्यानं नाही. मग गॅलरीत एका तुकड्यावर मला उभं केलंस, कारण घरात ‘पुरेसं वजन’ एकट्या दादाचंच. क्षणभर तो ढिम्म हलला नाही, आणि मग असा खाडकन बसला की माझे दात वाजले. दुसरा मात्र सुरुवातीपासूनच संथ, एकेक घडी पाडत खाली गेला. मी म्हटलं, हा सज्जन दिसतो. तू म्हणालीस, सज्जन कसला, त्याला आम्ही आधीच जरासं चेपलंय. अखंड जाळी पहिला ठोका जोरात देते. थोडी आधी मोडली की तो टळतो. आणि सगळ्या घड्या मिटल्या की नुसता ठोकळा उरतो, मग येईल तो भार थेट पलीकडे. अण्णा खुर्चीतून ओरडले होते, “मास्तर, उतरा आता, खालच्यांचं छत पडेल!”

तो चपटा ठोकळा अजून अण्णांच्या खिशात असतो. कुणी दिला, ते मात्र त्यांना सांगता येत नाही.

तुझ्या वहिनीला ते हल्ली ‘ताई’ म्हणतात, जेवण झालं की आभार मानतात. सरोज आधी हसायची. मी, त्यांचा सख्खा मुलगा, त्यांचा भाडेकरू आहे. बरा भाडेकरू, असं त्यांचं मत. संध्याकाळ झाली की गॅलरीत उभे राहतात. ऋजू शाळेतून यायची वेळ झाली म्हणतात. दोन वेण्या, निळं दप्तर, सगळं अचूक. अंधारलं की माझ्यावर चिडतात, “अहो, पोरीला बघून या जरा!” मी चपला घालतो, सोसायटीला चक्कर मारतो, वर येऊन सांगतो, मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबलीय. पटतं त्यांना. माझ्याही घड्या आता फार उरल्या नसाव्यात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ते तुझ्याकडे बघून गप्प झाले आणि फोन माझ्या हातात दिला. तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती, ऋजू. मला हळूच म्हणाले, “कोण हो या बाई? चांगल्या घरच्या दिसतात.”

शनिवारी तू येतेयस. दार अण्णाच उघडतील. बेल वाजली की तेच धावतात. तुला ‘या, बसा’ म्हणतील. तो ठोका उंबऱ्यावर एकदम बसू नये म्हणून हे पत्र, तुझ्याच पद्धतीनं, आधी जरा चेपून. फोनवर जमलं नसतं. तू हसून विषय बदलतेस, आणि मी तुला बदलू देतो. रडायचं ते तिकडेच रडून ये. इथे चहा घे. ऋजू येईलच एवढ्यात, असं ते तुला सांगतील. हो म्हण, आणि गॅलरीत त्यांच्या शेजारी उभी राहून तिची वाट बघ.

तुझाच वजनदार
दादा