कोंडाजीचा हितचिंतक

१९ जानेवारी १९३२, मंगळवार

मेहुणे कोंडाजी यांना काल चार महिन्यांची सेंटेन्स झाली. गुन्हा, दारूच्या दुकानासमोर पिकेटिंग. खरं तर माणूस साधा. मखमलाबादला वांगी, मेथी आणि मोगऱ्याचा मळा. पोलिसाने बाजूला हो म्हटलं, तर पठ्ठ्या तिथेच रस्त्यात मांडी घालून बसला. आता रोड स्टेशनजवळच्या तुरुंगात. घरी बायको साळू, सातवा महिना.

आमची अंबू सकाळपासून रडते आहे. पाठचा भाऊ. तिला म्हटलं, मी असताना काळजी कसली? आजपासून कोंडाजीचा आधार म्हणजे मी.

निश्चय: कोंडाजी सुटेपर्यंत चहा बंद. तो आत कांजी पिणार आणि मी बाहेर चहा ढोसणार? छे!

संध्याकाळी डोकं फार दुखलं.

२० जानेवारी

चहा बंद, दिवस दुसरा. नोकरीवर, जकात नाक्यावर, साहेबांनी स्वतः कप पुढे केला. वरिष्ठांचा अपमान करणं बरं नव्हे. निश्चय घरापुरता ठेवला आहे. घरी मात्र कडक.

२४ जानेवारी, रविवार

शफी टांगेवाल्याने तुरुंगाचे नियम विचारून आणले. त्याची रोजची रोड स्टेशनची फेरी असते. महिन्याला एकच पत्र आत जातं. तीन महिन्यांनी एक भेट, वीस मिनिटं. महिन्यात दोन पत्रं आली तर जे आधी येईल ते कैद्याला, दुसरं परत.

अंबू म्हणाली, मग साळूचंच जाऊ दे. अर्थातच. मीही तेच म्हणालो. साळूला लिहिता येत नाही, मखमलाबादच्या मास्तरीणबाई लिहून देणार आहेत. मी लिहिलं असतं. पण अंबूचं म्हणणं, तुम्ही लिहायला बसलात की मूळ गोष्ट राहते बाजूला. असो. बायकांना शैली कळत नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

बराच विचार केला. साळूच्या पत्रात काय असणार? आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल. कैद्याला हवं असतं मनोबल. ते कोण देणार? बसलो तो एका बैठकीत आठ पानं.

सहीचा प्रश्न आला. मी म्युनिसिपालिटीचा नोकर. सत्याग्रही कैदी माझा मेहुणा आहे हे साहेबांना कळलं तर संपलंच. म्हणून खाली लिहिलं, 'आपला एक हितचिंतक'. यात दुसरीही सोय आहे. ज्या पत्रावर नाव नाही ते मोजणीत येईलच कसं? नियम नातेवाइकांसाठी आहे. पहिल्या टपालात टाकलं.

११ फेब्रुवारी

साळूचं पत्र परत आलं. शेरा इंग्रजीत, मी वाचून अर्थ सांगितला, या महिन्याचं पत्र कैद्यास पोचलेलं आहे. अंबू म्हणाली, कुणा मेल्याने लिहिलं? मलाही संताप आला. काही लोकांना पाचपोच म्हणून नसतो. चौकशी करणार आहे.

उजव्या टाचेच्या भेगा पुन्हा उघडल्या. दोन उभ्या, एक आडवी. अंबू राळ-मेण कढवून भरते. सहन करतो.

१ मार्च, मंगळवार

दुसरं पत्र रवाना. दहा पानं. विषय: मनोबल, पित्तावर आमसूल, आणि दुःख हसत कसं सोसावं याचा दाखला म्हणून माझी टाच. टांगेवाल्याच्या घोडीचा खोकला हे थोडं विषयांतर झालं, पण ओघात आलं. तुरुंगात पत्रं वाचून पाहणारा कारकून असतो म्हणे. त्या बिचाऱ्यालाही काही चांगलं वाचायला मिळत असेल.

चहा: नाक्यावर दोन, शफीकडे एक. शफीच्या बायकोने, जहिदाभाभीने, प्रेमाने पुढे केला. नको म्हणणं म्हणजे हिंदू-मुसलमान ऐक्याला बाधा.

१२ मार्च

साळूचं पत्र पुन्हा परत. त्यात लिहिलं होतं, दिवस भरत आलेत, भीती वाटते. अंबूने त्या अज्ञात इसमाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. इतक्या शिव्या तिला येतात हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आज कळलं. मी दोन सुचवल्याही.

२१ मार्च, सोमवार

काल साळू मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. कोंडाजी जाताना सांगून गेला होता, नाव मी ठरवीन, ताई ठेवील. अंबू म्हणजे पोरीची आत्या, पाळण्यात नाव ठेवण्याचा मान तिचा. पण नाव माझ्या भावाच्या तोंडचंच पाहिजे, असा हट्ट धरून बसली आहे.

१ एप्रिल, शुक्रवार

काल बारावा दिवस. नाव नसल्याने पाळणा झाला नाही. बायका पोरीला नुसतं 'बाई' म्हणतात.

या महिन्याचं पत्र टाकलं. मुलीची बातमी घालणार होतो. पण अशी बातमी समोर उभं राहून द्यावी, त्यात गंमत आहे. एकोणीस तारखेला भेट मिळते. साळू बाळंतीण, अंबू तिच्या उशाशी, म्हणजे जाणार मीच. साहेबांकडे माझी नडगी दुखते म्हणून रजा मागितली आहे.

१९ एप्रिल, मंगळवार

भेटीचा दिवस. साळूचं या महिन्याचं पत्रही परत आलं, म्हणून तिने तीन वाक्यं माझ्याकडून घोकून घेतली. मुलगी झाली. दोघी बऱ्या. नाव सांगा. मी काय लहान आहे?

शफीच्या टांग्यातून तुरुंगाच्या दारापर्यंत गेलो. तिथे रजिस्टर. नाव, गाव, धंदा, कैद्याशी नातं. टाक उचलला. धंदा! तेवढ्यात रांगेत एक गृहस्थ दिसला, पाठीमागून थेट आमच्या साहेबांच्या साडूसारखा. टाक खाली ठेवला. शफी म्हणाला, भाऊ, इथपर्यंत आलात ना, जा की आत! नाहीतर मी जातो, तीन शब्द तर सांगायचेत. त्याला म्हटलं, घोडी दमलेली दिसते, चल.

एक गिऱ्हाईक देवळाली कॅम्पचं मिळालं, तिकडून आलो. कॅम्पातल्या बाजारात चहा घेतला. मनाला धक्का बसल्यावर घ्यावाच लागतो.

मखमलाबादला अंबू दारातच उभी. तोंडातून निघून गेलं, भेट झाली. एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. तब्येत उत्तम. मुलगी म्हणताच डोळे भरून आले. नाव नीट विचार करून कळवतो म्हणाला. साळू कितीतरी दिवसांनी हसली. पोरीला म्हणाली, ऐकलंस का गं, तुझ्या बाला कळलं.

याला खोटं म्हणता येणार नाही. आत गेलो असतो तर अगदी असंच घडलं असतं.

शफी म्हणाला, मी होऊन सांगणार नाय, पण अंबूभाभीने विचारलं तर झूठ बोलणार नाय. माणसाला मैत्री कशाशी खातात ते माहीत नाही.

२९ एप्रिल

कोंडाजीचं पत्र आलं. मास्तरीणबाईंनी वाचलं. "साळू, मोकळी झालीस का? तीन महिने घरचं एक अक्षर नाही. माझ्यावर रागावलात का? चक्की ओढताना डोक्यात तेच. बाकी काही नको, जिवंत आहेस एवढं कळव."

 मग अंबूने मला विचारलं, तुम्ही दहा दिवसांपूर्वी सांगून आलात ना? म्हटलं, पत्र भेटीच्या आधी लिहिलेलं, टपालाचा घोळ. तिला पटलं असावं. पुन्हा भेटायला जाऊ म्हणाली. म्हटलं, तीन महिन्यांची एकच, ती झाली.

साळू जेवत नाही. दूध कमी झालं, पोर दिवसभर रडते. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. नाक्यावर दुपारचा चहा घेतला नाही.

चार वाजता घेतला.

२ मे, सोमवार

नवा निश्चय: या खेपेस फक्त एक ओळ. मुलगी झाली, दोघी बऱ्या. बस्स.

एक ओळ कोऱ्या कागदावर फार बोडकी दिसते. थोडी प्रस्तावना हवी. प्रस्तावना दहा पानं झाली. बातमी अकराव्या पानावर, ठळक अक्षरात, खाली दोन रेघा. पोस्टात बाबू म्हणाला, वजन जास्त भरतंय. मागे माणसं खोळंबलेली. शेवटचा कागद काढून घेतला आणि पाकीट दिलं.

घरी येऊन खिशातला कागद पाहिला.

असो. पंधरा दिवसांत सुटतोच आहे.

१७ मे, मंगळवार

कोंडाजी सुटला. साळूने मळ्यातल्या मोगऱ्याचा हार केला होता, तो मी घालणार असं ठरलं. तुरुंगाबाहेर चिंचेचं झाड आहे, त्याच्या मागे उभा राहिलो. साहेब यायची शक्यता अगदीच नाही असं नाही.

कोंडाजी बाहेर आला. निम्मा झालाय. समोर साळू, छातीशी दोन महिन्यांचं गाठोडं. तो थबकला. काय आहे, म्हणाला. साळू म्हणाली, मुलगी. तो पिकेटिंगला बसला होता तसा तिथेच रस्त्यात मांडी घालून बसला, आणि साळूने पोर त्याच्या मांडीवर ठेवली. मलाही भरून आलं.

मग अंबू म्हणाली, कोंडाजी, एप्रिलात हे सांगून गेले ना तुला?

कोंडाजी म्हणाला, दाजी? दाजी कधी आले होते?

सगळे चिंचेकडे बघायला लागले. अंबूने शफीला विचारलं. त्याने सांगून टाकलं, देवळालीच्या चहासकट. मी हार घेऊन पुढे झालो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. परत येताना टांग्यात जागा नाही म्हणाले. होती.

१९ मे

अंबू दोन दिवस बोलत नाही. मी तिला समजावलं, भेटीचं चुकलं असेल, पण चार महिने मी त्याच्यासाठी काय काय केलं ते एक दिवस जगाला कळेल.

२० मे, शुक्रवार

कळलं.

आज पाळणा झाला. कोंडाजीने अंबूच्या कानात नाव सांगितलं, अंबूने पोरीच्या. पुतळा. बायकांनी अंबूच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, हसण्याला ऊत आला. कोंडाजीही खुलला. म्हणाला, कांजी सोसली, चक्की सोसली, पण एक छळ नाही सोसवला. दर महिन्याला आपलं माणूस लिहील म्हणून वाट बघायची, आणि यायचा हा कोण हितचिंतक! त्याने पत्रांचा गठ्ठाच काढला. मास्तरीणबाई वाचायला बसल्या.

मनोबलावर लोक हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो, सावधगिरी म्हणून. घोडीच्या खोकल्याला गूळ-मिरी दिल्याचं आलं तेव्हा शफी हसायचा थांबला. म्हणाला, अरे, ही तर माझी घोडी!

पुढे टाच आली. उजवी. दोन उभ्या, एक आडवी, वर राळ-मेण.

अंबू उभी होती ती खाली बसली. तीन महिने रोज तीच तर भरत होती. मी पाय पसरून बसलो होतो, हळूच धोतराखाली घेतला.

कोंडाजी म्हणाला, दाजी, पाय दाखवा.

दाखवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं अंबू आता त्या मार्चातल्या शिव्या देईल. ती रडायला लागली. म्हणाली, माझा भाऊ आत बसून, बायको जगली का मेली म्हणून झुरत होता, आणि तुम्ही त्याला तुमची टाच कळवत होता.

मी पाय पुन्हा धोतराखाली घेतला. 

२१ मे, शनिवार

सकाळी चहा मागितला. कोंडाजी सुटला, तेव्हा निश्चय संपला, हे अंबूला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, या घरात तुम्हाला यापुढे महिन्याला एक कप.

म्हटलं, बरं, मग या महिन्याचा दे.

म्हणाली, मघाशी कोंडाजी मेथी घेऊन आला होता, तो पिऊन गेला. जो आधी येईल त्याला.