ओटीवरची पाटी

महाड,
ता. ९ डिसेंबर १९६३

रा. रा. रावजीराव उतेकर, मु. पोलादपूर, यांस दत्तारामचा रामराम.

दाजी, तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक. भाताची झोडणी आटपल्यामुळे दोन्ही गिरण्यांवर माणसांची रांग आहे आणि मला जेवायला सवड नाही. मैनाचा खोकला बरा झाला. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावत असाल असं धरून चालतो.

आनंदीच्या वर्षश्राद्धाला किती पानं उठली आणि काय खर्च आला, ते तुम्ही बारकाईनं लिहिलंत. मग माझाही एक जुना हिशेब ऐका. लग्नात तिच्याबरोबर जी बाजाची पेटी आली, ती आमच्या बाबांनी दुभती म्हैस विकून घेतली होती. ते वर्षभर वरंधला, आमच्या घरी, आम्ही भावंडं कोरा चहा प्यायलो. पण लग्नाच्या बैठकीत तुमचे वडील येसाजीराव म्हणाले, "पेटी येऊ दे, चार पोरींना शिकवू दे. सुनेचा गळा मात्र ओटीवर ऐकू आला नाय पायजे. लोक म्हणतील, उतेकरांच्या घरात फड उभा राह्यला." बाबांनी मान हलवली. म्हणजे पेटीची किंमत झाली म्हैस एक आणि आवाज एक. म्हैस सगळ्यांना आठवते.

तुम्ही लिहिता, तिचा फोटो ओटीवर लावला आणि खाली रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली: "हिने हयातभर या घरात गिरणीचे पीठ येऊ दिले नाही." पाटी चांगली आहे. पोलादपुरात माझी गिरणी बाजारात उभी असताना माझ्याच बहिणीबद्दल तुम्हाला एवढंच लिहायला सुचलं, याचं मला हसू आलं. राग नंतर आला.

मग तुम्ही मैनाकडे वळलात. कुडपणचं स्थळ आलंय, घर खातंपितं आहे, माघात लग्न उरकायचं, म्हणून पोरीला पाठवून द्या. "गाणं आता पुरे. आईसारखी जात्यावर बसणारी निघू दे." हे तुमचे शब्द. वर्षभर पोर माझ्याकडे शिकायला आहे, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की काय शिकते.

तर आधी तिच्या आईविषयी लिहितो. तुमच्या पाटीवर जे मावलं नाही ते.

तिनं तुमचा संसार केला नाही असं मी कुठे म्हणतो? सासूबाई तुळजाबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं हिनं केलं आणि तोंड वाकडं न करता केलं. तुमच्या धाकट्या भावाला शिकवलं. दुपारी मागल्या पडवीत पेटी काढायची. डॉक्टरांची मुलगी, शेतकऱ्यांच्या पोरी, सगळ्या एका चटईवर. शिकवायची कशी? पेटीवर बोटांनी सूर दाखवायचा आणि पोरींनी म्हणायचा. स्वतः ओठ मिटून. एखादी चुकली तर मान हलवायची, पट्टी पुन्हा दाबायची. गळ्यात सगळं असून मुक्यानं शिकवायचं. ओटीवर बसलेल्या सासऱ्यांना वाटायचं, सून आज्ञेत आहे.

पण बाई जात्यावर बसली की तिच्या गाण्याला कोणी हरकत घेत नाही. ही आपल्याकडची रीत. ओवी म्हणजे गाणं नव्हे, ते काम. आनंदीनं ती रीत बरोबर हेरली. पहाटे जातं मांडायचं, समोर एक पोर बसवायची, दोघींनी खुंटा धरायचा. सुरुवात ओवीनं. मग हळूच पहाटेचा राग. जात्याची घरघर खाली तंबोऱ्यासारखी चालू. येसाजीरावांना ओवी आणि भैरव यांतला फरक कळत नव्हता, हे आमचं नशीब.

तुळजाबाईंना मात्र कळत होता, असं मला वाटतं. मी एकदा पडवीत निजलो होतो, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "गो आनंदे, थांबलीस का? दळान सरलं?"

"सरत आलं, आत्याबाई."

"नको सरू दे. आजून घाल थोडं. मना निजून निजून कटाळा आलाय."

तुमच्या घरात तिला गा म्हणणारं ते एकच माणूस. तेही उठू न शकणारं.

माझ्या गिरणीचं इंजिन पोलादपुरात बसलं, तेव्हा गावातल्या बायका हळूहळू जात्यावरून उठल्या. तुमच्या घरातली उठली नाही. मग काय, येसाजीराव आल्यागेल्याला सांगायला लागले. मला तर पंगतीत, चार पाहुण्यांदेखत ऐकवलं, "गिरणीवाले, ही भाकरी खाऊन बघा. जात्याची हाय. तुमच्या त्या इंजिनाचं पीठ जळकं लागतं." पाहुणे हसले. तुम्हीही हसलात, दाजी. आनंदी तव्याशी होती, तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "खरंय, चव वेगळीच," आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

मी शिकलेला माणूस नाही. मुंबईत पिठाच्या गिरणीत पट्टे ओढले, तिथं कान तयार झाले. दगडाखाली दाणा आहे की संपला, तांदूळ आहे की नाचणी, हे मी पाठ फिरवून सांगतो. इंजिन बसलं त्या वर्षीच्या भाऊबीजेला पहाटे तुमच्या जात्याचा आवाज ऐकला आणि उठून बसलो. ती पाणी द्यायला आली तेव्हा म्हणालो, "आनंदे, जातं हलकं का वाजतंय?"

"दादा, तुझे कान पुढल्या वेळी वरंधला ठेवून ये."

एवढं बोलून हसली. तेव्हा मीही विषय सोडला. तुमच्यापुढे तो आजवर सोडलेलाच होता.

तिच्या हाताखालची कुडपणची आवडी तुम्हाला आठवत नसेल. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन डोंगर उतरायची आणि मावशीकडे राहून पहाटे जात्यावर बसायची. आज ती इथं महाडात मुलींच्या शाळेत गायन शिकवते. मैना तिच्याकडेच जाते. परवा मी दारात उभा राहून ऐकलं. आवडी गाताना ताल हातावर धरत नाही, उजवा हात टेबलावर गोल फिरवते, खुंटा धरल्यासारखा. मैनाचाही तसाच फिरतो. दोघींना ते ठाऊक नाही. मला तिथं उभं राहवलं नाही.

चैत्रात मैनाची गायनाची परीक्षा आहे. ती देणार. पुढं तिला शिकायचं असेल तर शिकेल, लग्न करायचं असेल तर तेही करेल, पण तिला विचारून. मी पोरीला पाठवत नाही. मामा म्हणून माझा हक्क किती, ते तुम्ही पंचांना विचारणार असाल तर विचारा. न्यायला येणार असाल तर या, जेवून जा. पण मग मलाही तुमच्या ओटीवर यावं लागेल आणि त्या पाटीखाली बसून चार माणसांत बोलावं लागेल. सोबत बयाबाईला आणेन. तुमच्याकडे शेणगोठा करायची ती. आता माझ्या पोलादपूरच्या गिरणीत झाडलोट करते आणि तिची आठवण पक्की आहे.

मी धंदेवाला माणूस, भांडणापेक्षा सौदा बरा. पाटी राहू दे, मैनाही राहू दे.

बयाबाई काय सांगेल, ते आताच लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळेल. त्या भाऊबीजेला निघताना मी आनंदीला विहिरीपाशी पुन्हा गाठलं होतं. ती म्हणाली, "जात्यात कोंडा असतो, दादा. दाणा घातला की दळण सरतं, आणि दळण सरलं की बाईनं उठायला हवं. कोंडा कितीही फिरवला तरी चालतो."

"आणि घरच्या भाकऱ्या?"

तिनं गोठ्याकडे बोट दाखवलं. बयाबाई डोक्यावर पाटी घेऊन निघाली होती. दुसऱ्या दिवशी तीच पाटी माझ्या गिरणीत उतरली. बयाबाई म्हणाली, "वर शेण्या हायत, खाली नाचनी. गपचूप दळा आन् बाईंचं नाव काडू नका."

इंजिन बसलं त्या वर्षापासून आनंदी जाईपर्यंत तुमच्या घरात जी भाकरी भाजली गेली, येसाजीरावांनी पंगतीत मला वाढायला लावली तीसुद्धा, ती माझ्याच गिरणीच्या पिठाची होती.

मैनाचा मामा,
दत्ताराम