कुशीतली खोट

मुळगाव,
२२ नोव्हेंबर १९८८

प्रिय आक्का,

सिद्धेशच्या गुडघ्याची सूज आता उतरलीय. काल स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत गेला आणि तिथून मलाच ओरडला, "आई, बघ गे, कोणी धरलं नाही!" त्याचे बाबा खाणीवरून आले तेव्हा त्यांनाही पुन्हा चालून दाखवलं.

हे दुखणं जुनंच, तुला ठाऊक आहे. कोकणीच्या आंदोलनात रस्ते अडवले होते, तेव्हा पहिल्यांदा गुडघा असाच फुगला. पणजीला नेता आलं नाही. शेजारच्या म्हातारीने मुरगळलं समजून तेल लावून चोळलं, आणि पोर रात्रंदिवस कळवळलं. पुढे आपलं घटक राज्य झालं, सगळीकडे फटाके वाजले, त्या दिवशीही तो अंथरुणावरच होता.

यंदा पणजीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मग मला समोर बसवून विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा असा रक्त जाऊन गेलाय का?" मी आधी जयराममामाचं नाव घेतलं. दाढ काढली आणि तो गेला, असं आई सांगायची. मग तुझ्या लेकाचं, गोकुळदासचं नाव घेतलं.

आक्का, ओसरीवर पडून त्याने जीभ चावली, एवढंच झालं होतं. कात लावला, हळद लावली, देवाला कौल लावला, रक्त थांबलं नाही. आणि तुझी सासू भरल्या घरात म्हणाली, "हिच्या कुशींतच खोट आसा." तू ते खरं मानलंस. शनिवारचे उपास धरलेस. सिद्धेशच्या बारशाला आलीस ती अंगणातच उभी राहिलीस, बाळलेणं माझ्या हातात ठेवून पेडण्याच्या बसला परत गेलीस. मी किती हाका मारल्या.

डॉक्टर म्हणाले, "याला हिमोफिलिया म्हणतात. रक्त गोठायला जे लागतं, ते यांच्यात कमी असतं. आईकडून मुलाकडे येतं, आईला पत्ताही नसतो. शाप नाही, कुणाचा दोषही नाही." दुसरी एखादी हे ऐकून सुटल्यासारखी झाली असती. मला फक्त तुझे उपास आठवले. आपली आई तर हे न कळताच गेली. गोकुळदास असताना हे सांगणारं कुणी भेटलं असतं, तर त्याला वेळेवर रक्त चढवता आलं असतं. हे मनातून जात नाही.

तिथेच शिरगावची लक्ष्मी भेटली. तिच्या बारा वर्षांच्या मुलालाही हेच आहे. सांधा फुगला की चोळायचा नाही, बर्फ लावून स्थिर ठेवायचा आणि तडक इस्पितळ गाठायचं, हे तिने मला शिकवलं. पडला तरी लागू नये म्हणून पायजम्याच्या गुडघ्यांत जुन्या गोधडीचे तुकडे शिवायलाही तिनेच सांगितलं. आम्ही चार-पाच आया दर महिन्याला इस्पितळाच्या व्हरांड्यात बसतो. एकीचं रडून झालं की दुसरी डबा उघडते. मी त्यांना तुझ्याविषयी सांगितलंय. लक्ष्मी म्हणाली, "तिला घेऊन ये. तिने एकटीने सोसलं, आम्ही तरी पाचजणी आहोत."

पण हे सगळं आज लिहायला बसले ती तुझ्या लेकीसाठी, सिद्धीसाठी. तिला दिवस गेलेत, बाळंतपणाला ती तुझ्याकडे येणार, हे जावईबापूंकडून कळलं. तू मला कळवलं नाहीस, आणि का, तेही मी समजले; सासूचं ते बोलणं अजून तुझ्या मनात आहे. आक्का, तुझ्याकडून हे तिच्यात आलं असेल किंवा नसेलही. रक्त तपासूनसुद्धा नक्की कळेलच असं नाही, म्हणाले डॉक्टर. पण मुलगा झाला तर पहिल्या दिवसापासून जपायला हवं, म्हणून बाळंतपण घरी नको, पणजीलाच करायचं. आपल्या घरातलं हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि त्याआधी ते सिद्धीला सांगायला हवं, तेही तुझ्याच घरात, तुझ्यासमोर. रविवारी पहिल्या बसने मी येते. तुला बोलता आलं नाही तर नुसती आमच्याजवळ बस. मी सांगेन तिला.

तुझीच,
विनोदिनी