लोण्यासारखा तळ

पर्सिव्हरन्स बंदर, कँपबेल बेट
१८ नोव्हेंबर १९९३

ती. फिनेला आत्यास,
मोरॅगचा शि. सा. न. वि. वि.

वाऱ्याच्या आडोशाला म्हणून इथे शिरलो आणि इंजिनच बसलं. गस्तीचं जहाज आज ब्लफ बंदराकडे निघतंय, ते इंजिनचा सुटा भाग घेऊन परत येईपर्यंत अडकलो आहोत. हे पत्र त्याच्याच हाती देते.

आमच्या पाहणीत मासे मोजायचे, तर जाळं कुठे टाकायचं ते किनाऱ्यावरच चिठ्ठ्या काढून ठरतं. तिथे मासे असोत वा नुसता चिखल, ओढायचं तिथेच. रिकामं जाळंही हिशेबात धरतात. आमच्या कप्तानांना, म्हणजे तुमच्या धाकट्या बंधूंना, हे पचत नाही. बोटीखाली होकी माशांची जत्रा भरलीय आणि ही पोरगी मला चिखल खरवडायला लावते, असं बाबा मला ऐकू जाईल अशा बेताने स्वयंपाक्याला सांगतात.

समुद्राचा तळ खडकाळ असेल तरच कप्तानाने जागा सरकवायची. परवा बाबांनी खडक आहे म्हणून ती सरकवली आणि जाळं होकीने फुगून वर आलं. मी खूश! न्याहारीला तेच हसत म्हणाले, की खडक कसला, लोण्यासारखा तळ होता. पाहणीची प्रमुख म्हणून तुझी पहिली सफर, रिकाम्या जाळ्यांनी तुझं तोंड उतरलेलं बघवेना.

एकेका जाळ्यावरून अख्ख्या भागातल्या माशांचा अंदाज बांधतात. हे जाळं हिशेबात धरलं, तर समुद्रात नसलेले मासे कागदावर येतील आणि पुढच्या वर्षी ते पकडायची परवानगीही मिळेल. खरं कारण लिहून वगळलं, तर बाबांना पुन्हा कुणी बोट देणार नाही. म्हणून वाटतं, खडकावर जाळं फाटलं असं लिहून वगळावं. आकडा खरा राहील, बाबाही राहतील. तुम्ही न्यायाधीश होतात. हे चालेल का? आमच्या खोल्यांमध्ये एकच पत्र्याची भिंत आहे. त्यांचा खोकलासुद्धा चुकवता येत नाही.

रागावलात तरी लोभ असू द्यावा.
तुमची,
मोरॅग


इन्व्हरकार्गिल
२४ नोव्हेंबर १९९३

चि. मोरॅग हिस,
अनेक आशीर्वाद.

डूगल माझा भाऊ आहे. म्हणजे मी या प्रकरणात पक्षकार आहे. तेव्हा माझे मत मानू नकोस, युक्तिवाद तेवढा तपास.

आकडा खरा, केवळ कारण खोटे, मग नुकसान कोणाचे, असे तुझे म्हणणे. जाळे फाटल्याची नोंद झाली की ती जागा पुढील सफरींच्या चिठ्ठ्यांतून काढून टाकतात, हे मागे तूच मला सांगितले होतेस. म्हणजे चांगला तळ खडक ठरेल आणि तेथील मासे यापुढे कोणीही मोजणार नाही. डूगलने हिशेब एकदा बिघडवला. तू तो कायमचा बिघडवशील. त्याला तुझी दया आली, तुला त्याची येते, आणि दोघांच्या दयेतून समुद्रात एक खडक उभा राहतो, जो तेथे नाही.

दोघांनाही वाचवणारी वाट मी शोधली. सापडली नाही. आई गेल्यावर तो माझाच पदर धरून हिंडत असे. वाट असती तर ती मी सोडली नसती.

त्याला सांग, रम हे खोकल्याचे औषध नव्हे.

माझा लोभ तुझ्या निर्णयावर अवलंबून नाही.
फिनेला आत्या


पर्सिव्हरन्स बंदर
१ डिसेंबर १९९३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुटा भाग आणि तुमचं पत्र एकाच जहाजाने आले. इंजिन सुरू झालं, पण आता वारा बाहेर पडू देत नाही.

खरं कारण लिहिलं. तरी हात कचरलाच. खडक नसताना कप्तानाने चुकून जागा सरकवली, असं लिहून बसले. त्यांचीही सही लागते, म्हणून कागद पुढे ठेवला. बाबांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि भडकले. चुकून? अगं, मी जन्मात कधी चुकून जाळं टाकलेलं नाही, बापाबद्दल असं लिहायला लाज नाही वाटली तुला, असं अख्ख्या बोटीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. पेन ओढून घेऊन ‘चुकून’ खोडलं, वर ‘मुद्दाम’ लिहिलं, सही ठोकली. मग हळूच विचारलं, की झालं ना आता मनासारखं?

ही आपली शेवटची सफर, हे त्यांना कळलं आहे. ते तडक उठून दाराशी गेले, दार उघडलं, बाहेरचा वारा बघितला, आणि जायला कुठेच नव्हतं म्हणून परत येऊन माझ्याच समोर बसले.

लोभ ठेवावा, त्यांच्यावरही.
तुमची,
मोरॅग